सावलीतला आवळा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी चोरून खाल्लेली जिलेबीसुद्धा सांगतो.

पुण्यातल्या एका खासगी प्रयोगशाळेत मी तपासनीस आहे. औषधी फळांमध्ये क जीवनसत्त्व किती, ते मोजायचं. नियम साधा — अर्क काढला की लगेच मोजायचा, उघडा ठेवला तर हवेनं जीवनसत्त्व घटत जातं. नव्या माणसांना हे मी दरडावून शिकवतो. मीच!

बिबवेवाडीच्या मंदाताई आवळ्याची पूड करून विकतात. सासूबाईंच्या पद्धतीनं, सावलीत वाळवून. एका वैद्यांना ती कायमची हवी होती, पण आमचा अहवाल बघून. मी पूड पाण्यात कालवली, गाळली — आणि कुणाच्या तरी निरोपसमारंभाची भेळ आली. गप्पांत दीड तास गेला. मग मोजलं. आकडा फारच कमी. तोच लिहिला, खाली सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी मन खाऊ लागलं, म्हणून उरलेली पूड पुन्हा तपासली. उत्कृष्ट होती हो! तेव्हाच एक फोन करायला काय धाड भरली होती मला? माझा अहवाल कधी मागे आला नव्हता — त्याचा माज, दुसरं काय.

वैद्य म्हणाले, पुढच्या हंगामात बघू. मंदाताई माझ्याकडे आल्या. "साहेब, आमचं कुठं चुकलं?"

आणि मी — हेच ते — मी म्हणालो, "सावलीत वाळवता ना, म्हणून. कडक उन्हात वाळवा."

उन्हानं जीवनसत्त्व जातं, हे मला झोपेतही पाठ आहे.

त्यांनी ऐकलं. सासूबाईंशी भांडून ऐकलं. पुढच्या वर्षीची पूड मी जागचा न हलता मोजली, आणि आकडा खरोखरच कमी आला. वैद्यांनी कायमचं नाही म्हटलं. मंदाताई तरीही आवळासुपारी देऊन गेल्या, "तुम्ही निदान सांगितलंत तरी" म्हणून. मी ती खाल्ली.

आज वहीतल्या तिन्ही नोंदींची पानं पिशवीत घेतली आहेत. आधी आमच्या साहेबांसमोर ठेवणार, मग वैद्यांसमोर. नोकरीचं व्हायचं ते होवो. तिथून बिबवेवाडी. सासूबाई दारातच बसलेल्या असतात म्हणे. मंदाताईंच्याही आधी त्यांनाच सांगायचं — आजी, तुमची सावलीच बरोबर होती. खोटं मी बोललो.