दोन झपके, थांबा, एक झपका

बातमी काकूंच्या फोनने आली. "अरे, दत्ताकाका गेले..." एवढं सांगून त्या म्हणाल्या, "आता पोर्चचा बल्ब तरी टिकेल." हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

दत्ताकाका मालवाहू बोटींवर अधिकारी होते. निवृत्त झाल्यावर काकूंना घेऊन अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला मुलीकडे राहायला आले, पण जीव चीनच्या किनाऱ्यावरच्या दीपगृहांत अडकलेला. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते, घड्याळ लावून मोजली की आपण कुठे आहोत ते कळतं, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवलं. मी दोन हजार एकमध्ये पुण्याहून नुकताच आलेलो, नोकरी राहते की जाते या काळजीत. मला दीपगृहांशी काय देणंघेणं? पण काकूंची आमटी अशी होती की मी दालियनपासून शांघायपर्यंतचा अख्खा किनारा निमूट ऐकून घेतला.

त्यांच्या कॉलनीतली सगळी घरं एका साच्यातली. पाहुणे यायच्या वेळी काका हातातलं घड्याळ बघत पोर्चच्या दिव्याच्या बटणापाशी उभे राहत आणि फोनवर सांगत, "नंबर विसर. दोन झपके, थांबा, एक झपका. तेच आपलं घर." ही खूण त्यांच्या लाडक्या दीपगृहाची, शानडोंगच्या किनाऱ्यावरच्या.

एका दिवाळीला समोरच्या बाईंना वाटलं, या घरात कुणीतरी संकटात सापडलंय. त्यांनी पोलीस बोलावले. काकांनी त्या पोलिसाला नकाशा पसरून अर्धा तास चीन दाखवला. इकडे दारात पोलिसांची गाडी बघून आम्ही व्हिसावाली मंडळी एकामागून एक, नजर समोर ठेवून, वेग न वाढवता पुढे निघून गेलो. मीसुद्धा. पंचवीस जणांच्या श्रीखंडातल्या दोन वाट्या पोलिसाने चापल्या. "तेवढा एकटाच नाही घाबरला," हे काकांनी आम्हाला पुढे कित्येक महिने ऐकवलं.

त्यांची इच्छा एकच होती. "बोटीवरून शंभरदा पाहिलंय रे. एकदा जिना चढून वर जायचंय. तू चल, माझ्या गुडघ्यांना सोबत." मी हो म्हटलं. मग दरवर्षी काहीतरी निघे... कधी प्रोजेक्टची रिलीज, कधी लेऑफची भीती, ग्रीनकार्डचे कागद तर अडकलेलेच. देशाबाहेर गेलो आणि परत आत घेतलंच नाही तर? "काका, नेक्स्ट इयर नक्की यार, प्रॉमिस."

"दीपगृह कुठे पळून जातंय?" ते म्हणायचे.

दीपगृह नाही गेलं. मी टाळत राहिलो याची लाज वाटते, आणि ती जाणार नाही.

काका गेल्यावर तीन आठवड्यांनी माझं ग्रीनकार्ड आलं. त्याच दिवशी तिकीट काढलं. एकच. काकूंना सांगायला संध्याकाळी गेलो आणि चक्क भलत्याच दाराची बेल वाजवली. सात वर्षं येतोय, पण घराचा नंबर कधी पाहिलाच नव्हता. ओशाळून काकूंना फोन केला. "थांब तिथेच," त्या म्हणाल्या. चार घरं पलीकडे एक दिवा दोनदा लुकलुकला, थांबला, मग पुन्हा एकदा.

आत गेल्यावर त्यांनी काकांचं घड्याळ माझ्या हातात ठेवलं. "जाशील तेव्हा मोजून ये. ती झपक्यांची खूण यांनी मनानेच रचलीय असा मला तीस वर्षं संशय आहे."

"आणि संशय खरा निघाला तर?"

"तर तिथल्या लोकांना सांग, दिवा दुरुस्त करून घ्या."