एक प्रश्न जास्त

कॉलेजात तो पहिला आणि मी काठावर पास. बाररूममध्ये सगळे त्याला ‘पहिला नंबर’ म्हणून हाक मारायचे. पक्षकार मात्र माझ्याकडे यायचे. वकिलीत नंबराला कुत्रंही विचारत नाही, असं मी त्याला तोंडावर ऐकवायचो. तो ते हसण्यावारी न्यायचा.

नंबराचं कौतुक असलेलं एकच माणूस होतं, त्याची मोठी बहीण. भाड्याच्या गाळ्यात ती शिवणकाम करायची. माप द्यायला आलेल्या प्रत्येक बाईला आधी भावाचा निकाल ऐकावा लागे. पुढे दुकान वर्षभर बंद ठेवलं, या कारणावरून मालकानं तिला गाळा खाली करायला सांगितलं. मधूनमधून उघडत होते, असं तिनं भावाला सांगितलं. केस अर्थातच त्यानं घेतली आणि मी मदतीला बसलो.

मालकाची सगळी भिस्त शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या साक्षीवर होती. उलटतपासणीत आमच्या पठ्ठ्यानं त्याला झकास घेरलं. पाय मोडल्यामुळे त्या वर्षी आपण गावीच होतो, हे इस्त्रीवाल्यानं कबूल केलं. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. इथं गुपचूप खाली बसायचं असतं, एवढं काठावर पास झालेल्यालाही कळतं. मी त्याचा कोट ओढला. पण उत्तर अर्धवट सोडणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

“मग दुकान बंद होतं, हे तुम्हाला कसं माहीत?” त्यानं विचारलं.

“किल्ली आमच्याच घरी होती ना, साहेब,” इस्त्रीवाला म्हणाला. “ताई लेकीकडे राहायला गेल्या, तेव्हा त्यांनीच ठेवायला दिली. मी गावाला निघालो तेव्हा खिळ्याला होती, परत आलो तेव्हाही तिथंच.”

निकाल विरुद्ध गेला, अपिलातही काही हाती लागलं नाही. जिंकलेली केस होती हो ती. मला आजही हळहळ वाटते.

गाळा रिकामा करायच्या दिवशी शिलाई मशीन आम्ही दोघांनी टेम्पोत चढवलं. ताई कात्र्या पिशवीत भरत होती.

“ताई, मी तिथंच थांबायला हवं होतं,” तो कसाबसा म्हणाला.

“किल्लीचं मीच तुला बोलले नाही रे,” ती म्हणाली. “म्हटलं, पहिला आलेला आहे, त्याला काय सांगायचं.”