दुसरी टक

आज फोनवर लेकीच्या स्विचची एकच टक ऐकू आली, आणि ते काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

लेक चौतीस वर्षांची आहे. लिफ्ट दुरुस्तीची नोकरी सोडून आता रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांचं काम करते. वायरी जोडते, स्विच बसवून देते. तिचे बाबा तिला मिस्त्रीबाई म्हणतात. लहानपणी दाराची बेल खोलून बसायची, तेव्हापासूनचं नाव. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिची एक खोली आहे, पलंगापेक्षा टेबल मोठं. रोज रात्री मी फोन लावते. ती तो स्पीकरवर टाकून काम करत राहते, त्यामुळे तिचं काम मला आवाजानेच पाठ झालंय.

विमानाच्या बाजूच्या पातळ लाकडात ती एक लांबट खाच पाडते. त्यातून स्विचची दांडी बाहेर येते. मग कानस, खर्र खर्र. फुंकर. मग दांडी पुढे-मागे: टक, टक. चालूची एक, बंदची एक. खाच केसभर आखूड राहिली तर दांडी चालूपर्यंत पुरती पोचत नाही. दिवा लागतो, सगळं ठीक वाटतं, आणि वर गेल्यावर इंजिनाच्या थरथरीने दांडी मागे सरकते. मग विमान कुणाचं ऐकत नाही. गेल्या वर्षी असंच एक मैदानात नाक खुपसून पडलं. महिनाभर ती धड बोलली नव्हती.

आज एका निवृत्त पोस्टमनकाकांचं विमान होतं. चार वर्षं खपून बांधलेलं, उद्या सकाळी सातला पहिल्यांदा उडणार. कानस चालू असतानाच मी विचारलं, "जेवलीस का?"

"जेवेन गं."

"जेवेन म्हणजे? साडेनऊ वाजले."

"झालं तुझं सुरू! हातात कानस आहे माझ्या."

"कानस खाऊन पोट भरत नाही."

ती हसली. कानस थांबली. फुंकर. मग नुसती सर्र, आणि त्यानंतर एक टक. "झालं बाई. काका आत्ता न्यायला येतायत. ते गेले की जेवते, शप्पथ." फोन ठेवला.

म्हणजे पुढे जाताना दांडी नुसती सरकली; मागे येतानाची, बंदची टक आली, चालूची आलीच नाही. माझ्या चौकशीपायी कानशीचे चार हात राहून गेले.

यांना सांगितलं तर म्हणाले, "फोनवरून स्विच तपासणारी तू जगात पहिलीच," आणि कूस बदलून घोरू लागले. खोटं नाही. माझ्या दहातल्या नऊ काळज्या फुकट जातात. गॅस बंदच असतो, कुलूप लावलेलंच असतं. लिहून काढलं की उतरेल म्हणून बसले. उतरलं नाही.

साडेअकरा झालेत. ती चिडेल. चिडू दे. सातच्या आधी काकांना गाठायला तिला वेळ तरी मिळेल. जेवणाचा विषय काढायचा नाही, एवढं ठरवलंय. विचारायचं एकच: मिस्त्रीबाई, आज दुसरी टक ऐकलीस का?

लावतेच फोन.