टिंडलसाहेबांचा डेमेरारातला मळा

अँब्रोज टिंडलसाहेबांच्या निवडणुकीचं काम मी पाहायचो. त्याआधी इंग्लंडातल्या आमच्या ब्रॅकनशॉ गावच्या कापडगिरणीत मागावर होतो. न सांगता काम सोडलं म्हणून मालकानं मला तीन आठवडे तुरुंगात धाडलं होतं. तेव्हा कायदाच तसा होता. तो कायदा रद्द करून दाखवीन म्हणणारा आमच्याकडे लिबरल पक्षात एकच माणूस, टिंडलसाहेब. पक्षातले बडे लोक त्यांना माथेफिरू म्हणायचे. आम्ही विणकर त्यांच्यावर जीव टाकायचो.

त्यांची श्रीमंती डेमेराराच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतीतल्या, उसाची. वडिलांचा मळा होता, तरुणपणी आठ वर्षं त्यांनीच तो सांभाळला होता. हे गावाला ठाऊक होतं. त्याहून जास्त आम्ही कधी विचारलं नाही.

अठराशे चौऱ्याहत्तरच्या निवडणुकीत, भर सभेत, केझाया हॉलरॉईड उठली. विधवा बाई, कधीकाळी माझ्या शेजारच्या मागावरची. तिचा भाऊ डेमेराराच्या तुरुंगात पहारेकरी होता. त्याचं पत्र तिच्या हातात होतं.

"साहेब, भाऊ लिहितोय, तुमच्या मळ्यावरची अकरा माणसं कोठडीत आहेत. कलकत्त्याहून करारावर नेलेली. गुन्हा काय, तर न विचारता मळा सोडला. खरं का हे?"

"ए बाई, तुला मताचा हक्क तरी आहे का?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मत नाही, कान आहेत. उत्तर ऐकू दे."

साहेबांचा चेहरा उतरला. "चौकशी करावी लागेल," एवढंच ते पुटपुटले. मी बँडवाल्यांना खूण केली. ढोल वाजायला लागले. केझाया तशीच उभी.

सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. समोरची लापशी गार झाली होती.

"चौकशी कसली करतोस, सेथ? तिथं असताना तसल्या तक्रारींवर मी स्वतः सह्या करायचो. रामधनी नावाचा एक होता. शेजारच्या मळ्यावर बायको आजारी, तिला बघायला गेला. महिनाभर आत टाकला मी त्याला. सुटून आला तोवर ती गेली होती."

हे ऐकूनही मी म्हणालो, "मतदान होईस्तोवर तोंड उघडू नका, साहेब. नाहीतर आमचं सगळं बुडेल."

ते गप्प राहिले आणि निवडून आले. मळ्यातला हिस्सा त्यांनी भावाच्या नावे करून दिला आणि ते सांगायला मला घेऊन केझायाच्या दारी गेले.

"मग माणसं सुटली?" तिनं विचारलं.

"नाही. ती करारानं मळ्याला बांधलेली आहेत."

"म्हणजे सुटलात ते तुम्ही," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पुढच्या वर्षी आमचा कायदा बदलला. गावानं सत्कार ठेवला. साहेब उठले आणि रामधनीची सगळी हकीकत त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितली. तेवढ्यात एक जण ओरडला, "जाऊ द्या हो साहेब! आमचं तर भलं केलंत ना!" टाळ्यांचा कडकडाट झाला. "टाळ्या नकोत," साहेब विनवत होते, पण कुणी ऐकेना. ते खाली मान घालून बाहेर पडले, आणि पुन्हा कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत.

ओरडणारा मीच होतो. केझाया समोरून येताना दिसली की आजही मी रस्ता ओलांडतो.