आत्यांच्या मागून

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. दहा दिवसांचं मौनाचं शिबिर करून आले, सकाळी उठून श्वास पाहत बसते, पौर्णिमेला पांढरी साडी नेसून उपोसथाचा उपवास धरते; तरीही दुपारी चारला एखादा जवान गणवेशाचं गाठोडं काउंटरवर टाकून "मॅडम, कल सुबह परेड है" म्हणाला, की माझी कानशिलं तापतात. फरक पडलाय तो एवढाच, की पूर्वी कानशिलांच्या आधी तोंड सुटायचं. आता मधे एक श्वास असतो. एका श्वासात पुष्कळ काही होतं. कात्री खाली ठेवता येते. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघता येतं, आणि तोही बहुतेक कुणाची तरी बोलणी खाऊनच आलेला असतो. मग मी गाठोडं ओढून घेते आणि ओरडायचं ते मशीनवर ओरडते.

देवळाली कॅम्पच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आहे. फौजेचे गणवेश अंगाबरोबर करायचे, छातीवर नावाच्या पट्ट्या आणि बाहीवर फिती शिवायच्या, हे काम. नवरा मालेगावला यंत्रमाग दुरुस्त करतो. शनिवारी रात्री येतो, सोमवारी पहाटेची गाडी धरतो. त्यामुळे घरात आठवडाभर मी आणि माझी सासू. सासूला आमच्यात आत्या म्हणतात.

आत्या शाळेत शिपाई होत्या. त्या निवृत्त झाल्या, पण घंटा देणाऱ्या बाईचा आवाज काही निवृत्त झाला नाही. आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना त्याच देत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: पुढे बसलेला एक जण ओळ म्हणतो आणि बाकीचे सगळे ती मागून म्हणतात. वंदना घेणारे पुष्कळ. देणाऱ्या एकट्या आत्या. माझ्या लग्नाच्याही आधीपासून.

शिबिरातून आल्यावर मला जरा चढलीच होती. मी एकदा स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता त्यांना म्हटलं, "आत्या, नुसतं पाठ म्हणून काय होतं? आत बघायला पाहिजे."

त्यांनी मेथीची काडी मोडली. "दहा दिस तोंड बंद ठेवलं त्याची एवढी शेखी? मी शाळेत तीस वर्ष ठेवलं."

मी मेथीची दुसरी जुडी ओढली, पण मनातून हटले नाही. आत्यांची वंदना म्हणजे घोकंपट्टी आणि माझं बसणं म्हणजे खरा धम्म, असं मला पक्कं वाटत होतं.

यंदा बुद्धपौर्णिमा होऊन आठवडा झाला असेल. सकाळी आत्यांच्या हातून कप सुटला आणि तो उचलायला त्यांचा उजवा हात खालीच जाईना. पॅरालिसिसचा झटका होता. दवाखान्यात वेळेवर पोचलो. हात महिनाभरात बराचसा सुधारला, पाय तर पहिल्या आठवड्यातच. बोलणं मात्र गेलं. कळायचं सगळं, बातम्याही कळायच्या, पण शब्द यायचा एकच: "ते." चहा हवा तरी "ते", पंखा बंद कर म्हणायचं तरी "ते". डॉक्टर म्हणाले, यायचं ते पहिल्या काही महिन्यांत येईल, नंतरचं सांगता येत नाही. विहारात जिचा आवाज दारापर्यंत पोचायचा, ती बाई आता एका शब्दात अडकली होती, आणि ती त्यातून सुटणार की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास बसला. पावसाळ्याचे तीन महिने, आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात रोज संध्याकाळी वंदना आणि वाचन असतं. बायका विचारायला आल्या, "आत्या कधी येणार?" तोवर दुसरी एक बाई वंदना देत होती. आत्यांनी ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

माझ्या साधनेचं या दिवसांत काय झालं, तेही खरं सांगते. पहाटे मी डोळे मिटून बसले, की आतल्या खोलीतून "ते! ते!" आणि डाव्या हातानं पेला आपटल्याचा आवाज यायचा. मी उठून जायची. चहा? पाणी? गोळी? चादर? प्रत्येकाला मान नकारार्थी हलायची, आणि मग आत्या संतापानं रडायच्या. एके दिवशी मी किंचाळले, "मला काय कळणार तुमचं ते!" माझा मधला श्वास त्या दिवशी कुठे गेला होता कुणास ठाऊक. मला टायफॉइड झाला तेव्हा या बाईनं महिनाभर माझं सगळं अंथरुणात केलं होतं. मला माझी लाज वाटली. दुकानात जाऊन दिवसभर फिती उसवल्या आणि पुन्हा शिवल्या.

गंगापूर रोडला वाचा सुधारण्याचे उपचार करणारी एक मुलगी होती, तिच्याकडे मी त्यांना दर बुधवारी न्यायची. तिनं विचारलं, "यांना लहानपणापासून काही पाठ आहे का? गाणी, प्रार्थना? शब्द हरवले तरी पाठ असलेलं पुष्कळदा शिल्लक राहतं. त्यातून वाट निघते."

मी खाली मान घालून म्हटलं, "पाठ आहे. पुष्कळ पाठ आहे." ज्या घोकंपट्टीला मी नाक मुरडलं, तीच आता आमची आशा होती.

दुसऱ्याच सकाळी कामाला लागले. मी मनावर घेतलं की घेतलं. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली चटई टाकली, मेणबत्ती लावली, आत्यांना समोर बसवलं आणि पहिलीतल्या बाईंसारखी सुरू झाले. "म्हणा आत्या, बुद्धं."

"ते."

"ते नाही. बुद्धं. माझ्या तोंडाकडे बघा. बुद्धं सरणं."

ओठ थरथरले. "ते."

असं रोज. मी आवाज वाढवला, मग कमी केला, मग लाडीगोडी लावली. चौथ्या दिवशी आत्या पुढे वाकल्या, डाव्या हाताच्या चिमटीत मेणबत्तीची ज्योत धरली आणि विझवली. मग उठून गेल्या. आत्यांनी वंदना अर्धी टाकून मेणबत्ती विझवली! मला वाटलं, संपलं. ही बाई आता पुन्हा बोलत नाही.

त्या संध्याकाळी मी एकटीच विहारात गेले. मागच्या रांगेत, नेहमीच्या जागी बसले. पुढची बाई ओळ म्हणायची, आम्ही म्हणायचो. मधेच तिला खोकला आला आणि ती थांबली. मला सगळं येतं, वर्षानुवर्षं म्हणतेय. पण पुढची ओळ काही माझ्या तोंडातून निघेना. नुसतीच तोंड उघडून बसले. ओळ कानावर पडल्याशिवाय माझी जीभ हलत नाही, अशी तिला सवयच लागलेली. तेव्हा लख्ख कळलं. माझ्या जिभेला मागून म्हणायची सवय. आत्यांच्या जिभेला पुढून द्यायची. त्या या रांगेत कधी बसल्याच नव्हत्या. आणि मी काय करत होते? तसबिरीखाली, त्यांच्या जागेवर बसून, त्यांना माझ्या मागून म्हणायला लावत होते. शिपाईबाईच्या हातातली घंटा काढून घेतली आणि वर म्हणते, वाजवा!

दुसऱ्या सकाळी मी जागा बदलली. आत्यांना तसबिरीखाली बसवलं. मी समोर, हात जोडून. आणि गप्प.

गप्प बसणं किती अवघड, हे मला शिबिरातही कळलं नव्हतं. तिथं समोर कुणी अडलेलं नव्हतं. इथं माझ्या टाळ्याला 'नमो' चिकटून बसलेलं. एकदा म्हणून टाकलं तर त्यांना सोपं जाईल, एवढी मदत करायला काय हरकत आहे, असं मन दर मिनिटाला सांगत होतं. मी श्वास पाहिला. आला, गेला. ही मदत नाही, हा माझा उतावळेपणा आहे, हे पाहिलं. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, तसबिरीकडे पाहिलं. काही झालं नाही. मेणबत्ती संपली, आम्ही उठलो. त्या दिवशी त्यांनी ती विझवली नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशीही काही नाही.

तिसऱ्या दिवशी आत्यांनी घसा खाकरला. वंदनेआधी त्या नेहमी खाकरत. त्यांनी डोळे मिटले, छातीवर हात जोडले, उजवा थोडा खाली राहिला, आणि म्हणाल्या, "नमो तस्स."

मी म्हटलं, "नमो तस्स." आवाज माझाच फाटला होता.

त्या थांबल्या नाहीत. तीनही शरणं त्यांनी दिली, तीन-तीनदा, स्पष्ट. मी मागून घेत गेले. शेवटी साधु साधु साधु झालं आणि मी विचारलं, "आत्या, चहा टाकू?"

"ते," आत्या म्हणाल्या.

म्हणजे चमत्कार वगैरे झाला नाही. पण वाट सापडलीय, अशी मला आता खात्री होती. रोज सकाळी वंदना, मग चहा, मग दुकान. पंचशीलही हळूहळू आलं. नवरा शनिवारी येऊन माझ्याशेजारी बसू लागला. आईच्या मागून म्हणताना त्याचं नाक वाहायचं आणि तो सर्दी झालीय म्हणायचा.

आश्विन पौर्णिमेला आत्यांनी स्वतःच पेटीतून पांढरी साडी काढून माझ्यापुढे धरली. वर्षावासाचा शेवटचा दिवस. मी आधी पळत विहारात गेले आणि बायकांना बजावलं, "अडकल्या तरी कुणी पुढचा शब्द सांगायचा नाही. कितीही वेळ लागला तरी."

विहार भरलेलं होतं. आत्या पुढे बसल्या, खाकरल्या, सुरू झाल्या. शरणं झाली. पहिलं शील, दुसरं, तिसरं. चौथ्याला थांबल्या.

खोटं न बोलण्याचं शील ते. विहारात चिटपाखरू हलेना. लांब रेंजवर तोफांचा सराव चालला होता, त्याचे दणके तेवढे ऐकू येत होते. आत्यांचा जबडा हलत होता. माझ्या शेजारणीचे ओठ उघडले, तशी मी तिच्याकडे असं काही पाहिलं की माझं शिबिर वाया गेलं असं तिला वाटलं असावं. तिनं ओठ मिटले. मी माझेही मिटून धरले. श्वास आला, गेला. आला, गेला. एवढ्या बायका आणि माणसं, सगळी एका म्हातारीसाठी थांबली होती.

"मुसावादा," आत्या म्हणाल्या, आणि सगळं विहार त्यांच्या मागून एका आवाजात उठलं.

वंदना संपली. बायका त्यांच्या पायाशी वाकल्या, कुणी हात धरले. आत्या वाट काढत दाराशी आल्या. मी त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या आणि उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जबडा पुन्हा तसाच हलायला लागला. इथं पाठ केलेलं काही नव्हतं, पुढची ओळ नव्हती. मी हात जोडले आणि थांबले. घाई नव्हती मला.

"चल," त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानं, "घरी."

माझे डोळे भरून आले. सासूला असं बोलू नये हे सुचलंच नाही. जोडलेले हात तसेच ठेवून मी त्यांच्या मागून म्हटलं, "चल. घरी."