कोरड्या विहिरीत पडलेला नायक

माझी नात पुण्याला चित्रं काढायच्या नोकरीत आहे. देवादिकांची चित्रं नव्हेत. पूर्वी काही आण्यांना मिळायच्या त्या रहस्यकथांतले चोर पकडणारे नायक तिची कंपनी रंगीत कॉमिक्समधून नव्यानं उभे करते. दिवाळीला आली तेव्हा तिनं एक कॉमिक माझ्या मांडीवर ठेवलं. काळा कोट, तोंडावर काळा रुमाल. मी चष्मा पुसून परत बघितलं. ह्याला मी ओळखत होते. नुसती ओळख नव्हती, ह्या बाबाचे माझ्यावर उपकार आहेत.

"आज्जी, लोक विचारतात, हे मेलेले हिरो परत कशाला उठवता? तुम्हाला नवं काही सुचत नाही का?" ती म्हणाली. जरा हिरमुसली होती. मी म्हटलं, बस खाली, सांगते.

त्या मोठ्या दुष्काळात आम्ही सोलापूरजवळ तामलवाडीच्या अलीकडं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो. मी बौद्ध वस्तीतली सून, सातवी शिकलेली. टोळीत आमच्या वस्तीतल्या बाया होत्या आणि गावातल्याही होत्या, कारण शेतं सगळ्यांचीच करपली होती. हातोडा सगळ्यांच्या हातात एकसारखाच होता. पाण्याचे माठ मात्र दोन होते, खोटं कशाला बोलू. सरकारी लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि दुपारी सरकारकडून मिळणारी सुकडी, एवढ्यावर दिवस निघायचा.

मला सहावा महिना सरत आला होता. आदल्या वर्षी माझं एक पोट पडलं होतं. हातोडा खाली आला की ओटीपोटात हिसका बसायचा आणि मनात यायचं, हेही जातंय आता. घरी बसायची सोय नव्हती, हजेरी लागली तर चूल पेटायची. मी कुणाला बोलत नव्हते, पण आतून पार भेदरले होते.

सासरे तरुणपणी सोलापूरच्या गिरणीत होते. त्यांच्या ट्रंकेत ह्या काळ्या कोटवाल्याची एक रहस्यकथा होती, शेवटची पानं गेलेली. मी ती भाकरीच्या फडक्यात बांधून न्यायचे आणि जेवणाच्या सुट्टीत वाचायचे. टोळीत सगळ्यांत थोर होती गावातली एक म्हातारी, तिला सगळ्या आक्का म्हणायच्या. जीभ अशी धारदार की मुकादमसुद्धा तिला वळसा घालून जायचा. तिनं एक दिवस मला हटकलं.

"तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतीस? आमाला काय कान न्हाईत?"

मग मोठ्यानं वाचलं. सुट्टी संपली तेव्हा चोर नुकता माडीवर चढला होता, आणि कुणालाच उठवेना. दुसऱ्या दिवशी आक्का मुकादमापाशी गेली. "खडी टोळीची मोजता न्हवं? मापाची लाकडी पेटी भरली म्हंजे झालं. हिच्या वाटची आमी फोडतो. ही वाचंल." मुकादमानं डोकं खाजवलं आणि बरं म्हणाला. पेटी भरत असली तर त्याच्या बापाचं काय जात होतं?

मी बाभळीखाली बसून वाचायला लागले. हातोड्यांच्या आवाजावर आवाज चढवून घसा बसायचा, पण पोटाला हिसका नव्हता. गोष्ट रंगात आली की हात थांबायचे, मग आक्का ओरडायची, "हात चालू द्या गं. त्यो काय मरत न्हाय इतक्यात."

पण मरायची वेळ आलीच. शिल्लक होतं त्या शेवटच्या पानावर चोरांनी त्याचे हातपाय बांधले आणि त्याला विहिरीत ढकललं. पुढं पुठ्ठा. मला सातवा लागलेला. पुस्तक संपलं की आपण परत खडीवर, हे कळायला सातवी शिकावी लागत नाही. मी पुठ्ठ्याकडं बघत तशीच पुढं वाचत राहिले, "पण विहीर कोरडी होती. दुष्काळ पडला होता."

बायांनी माना हलवल्या. विहिरीला पाणी कुठलं असणार ह्या साली? कुणाला काही खटकलं नाही, असं मला वाटलं.

मग मी त्याला आमच्याच मुलखात आणलं. कोट उन्हात कसा झेपणार, म्हणून काढून खांद्यावर टाकला. पायात टायरची चप्पल दिली. अंगानं वाळका केला, मिलोची भाकरी खाऊन दुसरं काय होणार? सुकडीची पोती पळवणारा ट्रकवाला त्यानं घाटात अडवला, आमच्या जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजारात काटा मारणारा अडत्या धरला. बाया आपापली कामं सांगायच्या. एकीचा नवरा मुंबईला गेला तो तिकडंच राहिला होता. ती हळूच म्हणाली, "ह्यो हुडकून देतो का बघ की त्यांना." मी म्हटलं, पुढच्या पानांत असंल. ती रोज माझ्या सगळ्यात जवळ बसायची.

आणि एक दिवस मुकादम सोलापूरहून नवंकोरं चित्रांचं पुस्तक घेऊन आला. वर आमचाच काळा कोटवाला. मुंबईच्या कुणीतरी त्याला परत काढला होता, पण काय काढला होता! दंड मांडीएवढे, गुडघ्यापर्यंत बूट, खांद्यावर झूल. सगळ्या बाया भोवती जमल्या.

"बघा तुमचा गडी," मुकादम खुशीत म्हणाला. "सगळं चित्रातच हाय. आता वाचायला मास्तरीण कशाला? उद्यापास्नं हिनं बी खडीवर बसायचं."

आठवा चालू होता माझा. पोर एवढ्या लांब आलं आणि आता ह्या रंगीत कागदापायी जाणार, असं वाटून मला रडूच आलं.

आक्कानं पुस्तक घेतलं आणि एकेक पान सावकाश बघितलं. "ह्यो कोण?"

"त्योच की आक्का."

"ह्यो न्हाय. आमचा वाळका हाय. टायरची चप्पल घालतो. ह्याला आमी वळखत न्हाय."

मुकादमाला राग आला. त्यानं माझ्या हातातलं जुनं पुस्तक ओढलं, शेवट उघडला आणि ओठ हलवत वाचला. "आगं आक्का, तुमचा गडी तर हितं विहिरीत पडलाय. पुस्तक खलास. ही पोरगी दीड-दोन महिने तुमाला खुळ्यात काढतीया."

मी मान वर करू शकत नव्हते.

"म्हाईत हाय," आक्का म्हणाली. "मुंबईच्या पुस्तकात आपल्या हितल्या वाशीचा बाजार कुठनं येईल? आमी काय येडे हाव व्हय? पर ही बाळंत होईस्तवर त्यो मरत नसतो. पेटी भरली का न्हाय ते बघा तुमी, आन् जावा."

मुकादम गेला. हातोडे सुरू झाले. त्या सगळ्या माझ्या वाटची खडी कशासाठी फोडत होत्या ते मला तेव्हा कळलं, आणि मी पदरात तोंड घालून रडले. मग आक्कानं दटावलं तसं डोळे पुसून पुढं वाचलं.

तुझी आई सुखरूप झाली. चार दिवसांनी टोळी कामावरून परस्पर आमच्या वस्तीत आली. आक्का ह्या उंबऱ्याच्या आत कधी आली नव्हती. त्या दिवशी आत येऊन बसली, आमच्या तांब्यातलं पाणी प्याली आणि पोरीला मांडीवर घेतलं. मग मला म्हणाली, "झालं तुझं काम. आता मेला तरी चालंल त्यो."

दाराशी ती मुंबईवाल्याची बायको उभी होती.

"इतक्यात नगं, आक्का," ती म्हणाली. "माझं राह्यलंय."