खेळवाल्यांना दिलेलं जिज्जीचं घर

लढाईच्या वर्षी आमच्या फॅक्टरी क्वार्टरांच्या लाइनीत परदेशचे फुटबॉलवाले राहून गेले. नातवंडांना सांगतलं तर हसतात. जबलपुरात कुठले, म्हणतात. पण आले होते. तीन देशांच्या टीमा आल्या, चौथी आलीच नाही. लढाई तोंडावर, फॅक्टरीत माणसं बारा-बारा तास राबून राहिलेली, विमानं आली तर लपायला म्हणून मैदानाच्या कडेनं खंदक खणलेले. पण फॅक्टरीनं ठेवलेल्या सामन्यांचं बोलावणं आधीच गेलं होतं. आता नाही म्हणायची सामन्यांच्या कमिटीतल्या आमच्या फॅक्टरीच्या साहेबांना लाज वाटली असेल.

ठेवायचं कुठं त्यांना? शहरातले लॉज फौजेच्या माणसांनी भरले होते. म्हणून आमची लाइन पाहिली. बाजूच्या क्वार्टरात जिज्जी राहायची. दमोहकडची, हिंदी बोलणारी, माझ्याहून मोठी म्हणून जिज्जी. तिचा नवरा त्या पावसाळ्यात काविळीनं गेला. माणूस गेला की क्वार्टर सोडावं लागते, पण पोरगी मॅट्रिकला होती म्हणून परीक्षेपर्यंत राहू दिलं होतं. गावाकडं मुलींची मोठी शाळा नव्हती. मॅट्रिक झाली की पोरगी बापाच्या जागी लागेल, एवढंच जिज्जीनं धरून ठेवलं होतं.

साहेबांनी जिज्जीला नाही, मला बोलावलं. खेळाडूंना रांधायला बाई पाहिजे होती, ते काम मला दिलं. आणि म्हणाले, ती तुमचं ऐकते, एका टीमसाठी क्वार्टर खाली करायला तुम्हीच समजवा, खेळ संपला की घर परत.

मी गेली तेव्हा जिज्जी चूल पोतारून राहिली होती. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग विचारलं, "ये तू बोल रही है कि साहब बोल रहे हैं?"

"मैं बोल रही हूँ, जिज्जी. खेल खतम, घर वापस."

"तू बोल रही है तो ठीक है."

पेटी उचलून मायलेकी आमच्या मागच्या व्हरांड्यात आल्या. मी लुगडं बांधून आडोसा केला. दिव्याला काळा कागद लावलेला, त्यात पोरगी डोळे फोडत वाचायची.

आणि मी तिच्या चुलीवर त्या पोरांचा भात शिजवायची. चांगली पोरं होती. मिरचीनं डोळ्यांतून पाणी यायचं त्यांच्या, तरी खायची. एक जण माझ्या हातातून बादली घेऊन नळावर जायचा. वाईट असती तर मला बरं वाटलं असतं. उरलेला भात मी घरी आणायची. माझी पोरं तुटून पडायची, जिज्जीची पोरगीही खायची. जिज्जी म्हणायची, आज उपास आहे. रोज कसला उपास, हे मी कधी विचारलं नाही.

मग खेळच बिघडला. एक म्याच अंधारात गेली. ब्लॅकआउटचा भोंगा वाजला आणि शिट्टीवाल्यानं मधेच थांबवली. एक टीम म्हणे आम्ही जिंकलो, दुसरी म्हणे पुन्हा खेळवा. पुन्हा खेळवली तर बादली उचलणारा तो पोरगा बॉलच्या मागं धावता धावता खंदकात पडला. पाय मोडला. त्याची टीम म्हणाली, या मैदानात आता पाय ठेवत नाही. कमिटीवाले आपसात भांडले. टीमा सामान बांधून गेल्या. फायनल झालीच नाही.

मी तर खूश झाली. जाऊन जिज्जीचं घर झाडलं, सारवलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर घरात फॅक्टरीच्या पहाऱ्याचे शिपाई बिस्तरे टाकून बसलेले. मी साहेबांकडं गेली. त्यांनी मान वर केली नाही.

"खेल अभी खतम कहाँ हुआ है, बाई? फाइनल बाकी है."

नवरा म्हणाला, थट्टा करून राहिला तो. थट्टा होती की खरंच म्हणत होते, मला आजपर्यंत कळलं नाही.

मायलेकी लुगड्याच्या आडोशातच राहिल्या. थंडी पडली, व्हरांड्यात पोरगी खोकायला लागली. नळावर बाया मला टोचायच्या, काय गं फुटबॉलवाली, आता कोणाचा भात? एकदा जिज्जी तिथंच उभी होती. तीच त्यांच्यावर उलटली, इसे काहे सुनाती हो, इसके हाथ में क्या था. त्यापेक्षा तिनं माझ्या झिंज्या धरल्या असत्या तर परवडलं असतं.

परीक्षेच्या आधीच तिचा भाऊ येऊन दोघींना घेऊन गेला. पोरीची मॅट्रिक राहिली ती राहिलीच. पुढं तिचं लग्न लावून दिलं असं ऐकलं.

शिपायांनाही रांधायला बाई पाहिजे होती. नवरा म्हणाला, जाऊ नको. मी गेली. माझ्या घरात खाणारी चार पोरं होती. जिज्जीच्या चुलीवर भात चढवायची आणि शिजेपर्यंत बाहेर पायरीवर येऊन बसायची. शिपाई म्हणायचे, अंदर बैठो ना अम्मा, बाहर ठंड है. मी म्हणायची, इथंच बरं आहे.